शुक्राणूतलं काय काढून टाकलं तरी चालतं?

माणसाचा एक शुक्राणू डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ५५ ते ६० मायक्रॉन लांब असतो. त्यात डोकं जेमतेम ५ मायक्रॉन, बाकी सगळी शेपटी. डोक्यात २३ गुणसूत्रं घट्ट आवळून भरलेली असतात. डोक्याच्या पुढच्या भागावर अ‍ॅक्रोसोम नावाची एन्झाइमांनी भरलेली चपटी पिशवी असते, मानेत पेशीच्या विभागणीला लागणारं सेंट्रिओल, त्याखाली ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रियांचे वेढे आणि या सगळ्यावर पेशीचं पातळ आवरण. वीर्यतपासणीच्या रिपोर्टमध्ये संख्या किती, हालणारे किती, डोक्याचा आकार कसा, हे लिहिलेलं असतं. गर्भ तयार व्हायला यातलं खरोखर किती लागतं, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही.

त्याचं उत्तर शोधण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे: र्‍यूझो यानागिमाची. जन्म १९२८, जपानच्या होक्काइडो बेटावर. पुढची बहुतेक कारकीर्द हवाई विद्यापीठात. प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'याना' म्हणत. त्यांच्या पन्नास-साठ वर्षांच्या कामाकडे आज एकत्र पाहिलं तर एक गंमत दिसते. शुक्राणूच्या प्रवासातली एकेक पायरी त्यांनी आधी नीट समजून घेतली आणि नंतर बहुतेक पायर्‍या वगळूनही पिल्लं जन्माला घालून दाखवली.

सुरुवात माशांपासून झाली. होक्काइडोच्या किनार्‍यावर हेरिंग मासा अंडी घालतो. या अंड्याच्या कवचाला एकच बारीक छिद्र असतं आणि शुक्राणूला आत शिरायला तेवढीच वाट. बहुतेक माशांचे शुक्राणू पाण्यात पडताच वळवळू लागतात. हेरिंगचे मात्र समुद्राच्या पाण्यात जवळपास निपचित पडून राहतात. यानागिमाचींना दिसलं, की ते त्या छिद्राच्या अगदी जवळ आले की एकदम हालू लागतात आणि सरळ आत जातात. छिद्राभोवतीच्या भागात त्यांना जागं करणारा काहीतरी पदार्थ आहे, असा त्याचा अर्थ. हे १९५० च्या दशकातलं काम. अंडं नुसतं वाट पाहत बसत नाही, शुक्राणूला ते कामाला लावतं, ही समज पुढे सस्तन प्राण्यांवर काम करताना त्यांना फार उपयोगी पडली.

डॉक्टरेटचं काम वेगळंच होतं. खेकड्यांवर जगणारे, पिशवीसारखे दिसणारे काही परजीवी जीव उभयलिंगी मानले जात, कारण त्यांच्या शरीरात वृषणासारखा भाग सापडे. तो भाग म्हणजे बाहेरून आलेल्या नर अळीने मादीच्या शरीरात सोडलेल्या पेशी असतात, हे या कामातून सिद्ध झालं. पुस्तकातलं वर्णन बदललं. पण जपानमध्ये संशोधनाची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं आणि १९६० मध्ये ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर फाउंडेशनमध्ये एम. सी. चँग यांच्याकडे गेले.

चँग यांचं नाव तेव्हा एका शोधासाठी गाजत होतं. १९५१ मध्ये त्यांनी आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, एकच गोष्ट पाहिली होती. ताजे शुक्राणू स्त्रीबीजाशेजारी नेऊन ठेवले तर ते आत शिरू शकत नाहीत. मादीच्या शरीरात काही तास काढल्यावरच त्यांना ती क्षमता येते. याला कपॅसिटेशन म्हणतात. आज आपल्याला माहीत आहे, की या काळात शुक्राणूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, बायकार्बोनेट आत येतं, आतला सामू (पीएच) थोडा चढतो, कॅल्शियमला वाट मोकळी होते आणि अनेक प्रथिनांवर फॉस्फेट चिकटतं. १९६० मध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. गर्भाशयात आणि बीजवाहिनीत काहीतरी जादू होते, एवढीच कल्पना होती. काचेच्या भांड्यात हे घडवता येईल का, हा खरा प्रश्न होता.

यानागिमाचींनी सोनेरी हॅमस्टर निवडला. निवड फार शहाणपणाची होती, कारण हॅमस्टरच्या शुक्राणूचा अ‍ॅक्रोसोम इतका मोठा असतो की जिवंत पेशीत, कुठलाही रंग न लावता, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो. अ‍ॅक्रोसोम जागेवर आहे की गळून पडला, हे डोळ्यांनी पाहता येतं. शुक्राणू त्यांनी वीर्यातून न घेता थेट एपिडिडिमिसमधून घेतले. एपिडिडिमिस म्हणजे वृषणाला चिकटलेली, शुक्राणू परिपक्व होतात ती नळी. हेही महत्त्वाचं ठरलं, कारण वीर्याच्या द्रवात कपॅसिटेशन रोखून धरणारे घटक असतात. १९६३ मध्ये चँग यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की असे शुक्राणू भांड्यातच तयार होतात आणि स्त्रीबीजं फलित करतात. ते गर्भ भांड्यात दोन पेशींच्या पुढे वाढत नव्हते, तो अडथळा सुटायला बरीच वर्षं गेली. पण शुक्राणूला मादीच्या शरीरातून जावंच लागतं, ही अट तिथे गळून पडली.

आज कुठल्याही आयव्हीएफ लॅबमध्ये सकाळी जे चालतं त्याची मुळं इथे आहेत. वीर्याचा नमुना पातळ व्हायला अर्धा तास ठेवतात. मग तो दोन वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांच्या थरांवर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण ३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने १५ ते २० मिनिटं फिरवतात. वीर्याचा द्रव, मेलेल्या पेशी आणि कचरा वर राहतो, चांगले शुक्राणू तळाशी बसतात. ते धुऊन अल्ब्युमिन आणि बायकार्बोनेट असलेल्या माध्यमात ठेवतात. अल्ब्युमिन कोलेस्टेरॉल ओढून घेतं, बायकार्बोनेट शुक्राणूच्या आतली यंत्रणा चालू करतं. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे भांडं इन्क्युबेटरबाहेर रेंगाळणं. माध्यमातल्या बायकार्बोनेटचा तोल ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइडवर टिकलेला असतो. भांडं उघड्या हवेत राहिलं की वायू उडून जातो आणि सामू चढतो. माध्यमात सामू दाखवणारं फिनॉल रेड हे रंगद्रव्य असेल तर त्याचा नारिंगी-गुलाबी रंग गडद गुलाबीकडे झुकतो. तो रंग दिसला की लॅबमधला जाणता माणूस ते भांडं वापरत नाही. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्यामागेही शुक्राणू भांड्यात तयार करता येतात, हेच ज्ञान होतं.

१९६६ मध्ये यानागिमाची हवाईला गेले आणि तिथे शुक्राणूच्या शेवटच्या टप्प्याकडे वळले. कपॅसिटेशन झालेले हॅमस्टरचे शुक्राणू अचानक वेगळेच पोहू लागतात, हे त्यांनी नोंदवलं. सरळ पुढे जाणं थांबतं, शेपटी मोठ्या वाकणाने चाबकासारखी फटकारू लागते. याला आता हायपरअ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. बीजवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या शुक्राणूला सुटून निघायला आणि स्त्रीबीजाभोवतीचं जाड आवरण, म्हणजे झोना, भेदायला हा जोर लागतो. २००१ मध्ये शेपटीतली कॅल्शियमची एक वाहिनी सापडली, तिचं नाव कॅटस्पर. ती बिघडलेल्या पुरुषांचे शुक्राणू रिपोर्टमध्ये बर्‍यापैकी दिसू शकतात, पण हा फटकारा त्यांना मारता येत नाही. साध्या आयव्हीएफमध्ये एकही बीज फलित न होण्यामागे कधीकधी हे कारण असतं.

अ‍ॅक्रोसोमचं कोडंही कॅल्शियमनेच सुटलं. १९७४ मध्ये गिनीपिगच्या शुक्राणूंवर त्यांनी दाखवलं, की माध्यमात कॅल्शियम नसेल तर कपॅसिटेशनची तयारी होते, पण अ‍ॅक्रोसोम फुटत नाही. कॅल्शियम घातलं की लगेच फुटतो. त्याआधी, १९७० मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. शुक्राणू स्त्रीबीजाच्या पडद्याशी एकजीव होतो तो डोक्याच्या टोकाने नव्हे, तर डोक्याच्या मधल्या पट्ट्यापासून. आणि अ‍ॅक्रोसोम आधी फुटलेला असेल तरच हा पट्टा जोडायला तयार होतो. अ‍ॅक्रोसोम झोनावर पोहोचल्यावरच फुटतो, असं पुढची कित्येक वर्षं शिकवलं गेलं. २०११ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरात पाहिलं, की फलन करणार्‍या बहुतेक शुक्राणूंचा अ‍ॅक्रोसोम झोनाला भिडण्याआधीच फुटलेला असतो.

मग आला हॅमस्टरच्या बीजाचा प्रसिद्ध प्रयोग. झोना हे आवरण जातीचं रक्षण करतं. हॅमस्टरच्या झोनातून माणसाचा शुक्राणू जात नाही. यानागिमाचींनी हायल्युरोनिडेझ या एन्झाइमने बीजाभोवतीच्या पेशी काढल्या, ट्रिप्सिनने झोना विरघळवला आणि उघड्या बीजांमध्ये माणसाचे शुक्राणू सोडले. ते आत शिरले. त्यांची पत्नी हिरोको हीदेखील १९७६ च्या या शोधनिबंधाची सहलेखक होती. असलं बीज पुढे गर्भ म्हणून वाढत नाही, त्यामुळे भलत्या शंका घ्यायचं कारण नाही. पण पुरुषाचे शुक्राणू कपॅसिटेशन, अ‍ॅक्रोसोम फुटणं आणि बीजाशी जोडलं जाणं या पायर्‍या पार करू शकतात का, हे माणसाचं एकही बीज खर्च न करता पाहता येऊ लागलं. तपासणी म्हणून ती आता मागे पडली आहे, कारण लॅबगणिक निकाल फार बदलत. तिचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. शुक्राणूतला डीएनए प्रोटामिन या प्रथिनांभोवती इतका आवळलेला असतो, की त्यातली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली सुटी दिसूच शकत नाहीत. हॅमस्टरचं बीज ती गाठ सोडवून देतं. १९७८ मध्ये याच वाटेने माणसाच्या शुक्राणूतली गुणसूत्रं पहिल्यांदा थेट पाहता आली.

त्याच १९७६ मध्ये, उएहारा यांच्यासोबत, त्यांनी सगळ्या पायर्‍या एकदम ओलांडल्या. बारीक काचेच्या नळीने हॅमस्टरचा शुक्राणू सरळ बीजाच्या आत सोडला. पोहणं नाही, अ‍ॅक्रोसोमचं काम नाही, पडद्याशी जोडलं जाणं नाही. तरीही शुक्राणूचं केंद्रक फुगलं आणि वडिलांकडचं प्राककेंद्रक, म्हणजे वडिलांच्या गुणसूत्रांचा गोल पुंजका, तयार झालं. दवाखान्यात हे यायला १९९२ उजाडलं. ब्रसेल्समध्ये जानपिएरो पालेर्मो शुक्राणू झोनाच्या आत, पण बीजाच्या बाहेर सोडायचं तंत्र वापरत होते. नळी चुकून बीजाच्या आत गेली आणि तेच बीज नीट फलित झालं. एक शुक्राणू थेट बीजाच्या आत टोचायचं हे तंत्र म्हणजेच इक्सी.

इक्सीत नेमकं काय करतात ते पाहू. बीजं काढल्यावर काही वेळाने त्यांच्याभोवतीच्या पेशी सौम्य हायल्युरोनिडेझमध्ये अर्धा मिनिट ठेवून, बारीक पिपेटमधून आतबाहेर करून सोडवतात. जास्त वेळ ठेवलं तर बीजालाच इजा होते. पहिली ध्रुवपेशी (जादा गुणसूत्रं घेऊन बीजापासून सुटणारी चिमुकली पेशी) बाहेर पडलेली, म्हणजे परिपक्व झालेलीच बीजं घेतात. शुक्राणू पीव्हीपी या चिकट पदार्थाच्या दाट थेंबात सोडतात, म्हणजे त्यांचा वेग मंदावतो. मग ४ ते ५ मायक्रॉन आतल्या व्यासाच्या नळीने शेपटी भांड्याच्या तळाशी दाबून मोडतात. ही क्रूर दिसणारी पायरी टाळता येत नाही. पडद्याला चीर पडली तरच शुक्राणूतला घटक बीजात झिरपून बीजाला जागं करतो. पण दाब मानेपासून दूर, शेपटीवरच द्यायचा. माणसात गर्भाच्या पहिल्या विभागणीची दोरी ज्यावरून ओढली जाते ते सेंट्रिओल शुक्राणूच्या मानेतून येतं, आणि तिथेच इजा झाली तर फलन होऊनही गर्भ अडतो.

बीज धारक नळीवर असं धरतात की ध्रुवपेशी घड्याळाच्या ६ किंवा १२ वर येईल आणि टोचणी ३ वरून होईल, कारण बीजाची विभागणीची यंत्रणा बहुधा ध्रुवपेशीजवळ असते. नळी मध्यापर्यंत गेली तरी बीजाचा पडदा अनेकदा फाटत नाही, नुसता आत ताणला जातो. तेव्हा बीजातला द्रव किंचित ओढून घेतात. पडदा फाटल्याक्षणी तो द्रव नळीत झटकन वर सरकताना दिसतो. तेवढ्यात शुक्राणू अगदी कमी द्रवासह सोडून नळी बाहेर काढायची. पडदा न फाटताच शुक्राणू सोडला, तर तो बीजाच्या बाहेरच्या खळग्यात पडतो आणि फलन होत नाही. १६ ते १८ तासांनी तपासतात. दोन प्राककेंद्रकं दिसली तर बरोबर. तीन दिसली तर बहुधा दुसरी ध्रुवपेशी बाहेर पडली नाही, असं बीज वापरत नाहीत.

उंदरात हेच करायला गेलं तर बीजं फटाफट फुटत. १९९५ मध्ये किमुरा यांच्यासोबत यानागिमाचींनी पिएझो यंत्र वापरलं. नळीच्या टोकाला अतिसूक्ष्म, वेगवान धक्के बसतात. पडदा न ताणता कापला जातो. नळीत थोडा पारा भरावा लागे, नाहीतर धक्का टोकापर्यंत नीट पोहोचत नसे.

आणि ज्या प्राण्यात पहिली टोचणी झाली, त्या हॅमस्टरची पिल्लं? ती जन्मली २००२ मध्ये. उशीर व्हायला दोन कारणं होती. एक, निरीक्षणासाठी वरदान ठरलेला तो मोठा अ‍ॅक्रोसोम. तो शुक्राणूसोबत बीजात गेला की त्यातले एन्झाइम बीजाला आतूनच खाऊन टाकतात. म्हणून अ‍ॅक्रोसोम काढलेली नुसती डोकी टोचावी लागली. दुसरं, हॅमस्टरचा गर्भ उजेडालाही नाजूक असतो. सगळं काम अंधार्‍या खोलीत, लाल प्रकाशात करावं लागलं. माणसाचा अ‍ॅक्रोसोम लहान असल्यामुळे दवाखान्यात अख्खा शुक्राणू टोचला तरी निभतं.

शेपटी गेली, अ‍ॅक्रोसोम गेला. पेशी जिवंत असायची गरज आहे का? १९९८ मध्ये वाकायामा आणि यानागिमाची यांनी उंदराचे शुक्राणू फ्रीज-ड्राय केले, म्हणजे गोठवून त्यातलं पाणी निर्वातात उडवून टाकलं. पाणी घातल्यावर ते हालत नव्हते, पडदे फाटलेले होते. प्रचलित कुठल्याही कसोटीवर ते मेलेले होते. तरी त्यांच्यापासून धडधाकट पिल्लं झाली. अपयश यायचं ते डीएनए तुटल्यामुळे. पडदा फाटला की कॅल्शियमवर चालणारे डीएनए कापणारे एन्झाइम मोकळे होतात, म्हणून २००१ मध्ये त्यांच्या गटाने कॅल्शियम बांधून ठेवणारं ईजीटीए द्रावणात घातलं आणि गुणसूत्रं बरीच शाबूत राहिली. पुढे वाकायामांनी असे वाळवलेले शुक्राणू आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पाठवले. जवळजवळ सहा वर्षांनी परत आणलेल्या शुक्राणूंपासूनही उंदराची पिल्लं जन्मली.

१९९८ मध्येच यानागिमाचींच्या प्रयोगशाळेतली क्युम्युलिना ही क्लोन केलेली उंदरीण जगभर गाजली. तिच्याबद्दल इथे एवढंच, की तिथे शुक्राणूच नव्हता. शुक्राणू टोचून टोचून कमावलेलं पिएझोचं कसब तेवढं कामी आलं.

हिशेबात शेवटी उरतं ते असं. शाबूत डीएनए असलेलं केंद्रक, बीजाला जागं करणारा घटक, आणि माणसात सेंट्रिओल. उंदराच्या शुक्राणूत कामाचं सेंट्रिओल नसतं, म्हणून उंदरावरचा निकाल जसाच्या तसा माणसावर लावता येत नाही. वाय गुणसूत्राचीही झाडाझडती हवाईतच झाली. मोनिका वॉर्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये फक्त दोन वाय जनुकं असलेले नर उंदीर घेतले. त्यांच्यात शेपटीवाले शुक्राणू तयार होत नव्हते. अर्धवट तयार झालेल्या गोल पेशी बीजात टोचल्या आणि पिल्लं झाली. माणसातही गोल पेशींचा हा प्रयोग झाला आहे. २०१५ मध्ये तानाका आणि सहकार्‍यांनी असे १४ जन्म नोंदवले, त्या शोधनिबंधात यानागिमाचीही होते. तंत्र अजून प्रायोगिकच आहे. गोल पेशी आणि वृषणातल्या इतर पेशी एकमेकींसारख्याच दिसतात, त्यामुळे चुकीची पेशी उचलली जाते. शिवाय गोल पेशीत बीजाला जागं करायची ताकद पुरेशी नसते, ते काम बाहेरून, विजेच्या झटक्याने किंवा रसायनाने करावं लागतं.

२०२३ चा क्योतो पुरस्कार यानागिमाचींना जाहीर झाला. त्याच वर्षीचा कलेसाठीचा क्योतो पुरस्कार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नलिनी मलानी यांना मिळाला. समारंभ नोव्हेंबरात होता. २७ सप्टेंबरला, वयाच्या ९५ व्या वर्षी, यानागिमाची गेले.

इक्सीचा विचार करणार्‍या जोडप्याच्या दृष्टीने या सगळ्यातली एक बाजू फार कामाची आहे. वाट सोपी केली की वाटेवरची गाळणीही जाते. शुक्राणूंची संख्या अगदी कमी, विशेषतः मिलीलिटरला ५० लाखांच्या खाली असेल, तर इक्सीआधी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटींची रक्ततपासणी करून घ्यावी. एझेडएफसी हा तुकडा गळालेल्या पुरुषाला इक्सीने मूल होऊ शकतं, पण मुलगा झाला तर तीच तूट त्याच्याकडे जाते. शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतील तर सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाची तपासणी दोघांचीही करावी लागते. आणि शुक्राणू बनायला साधारण अडीच महिने लागतात. ताप, औषध किंवा तंबाखू सोडणं, कशाचाही परिणाम रिपोर्टमध्ये दिसायचा असेल तर त्याआधी दुसरी तपासणी करून फारसा उपयोग नाही.